जिन्यावरच्या काळ्या फ्रेमा

आमच्या थोरल्याची एक खोड आहे. बाहेरच्याने डोळे वटारले की हा मान खाली घालतो, आणि घरी येऊन तीच मान घरच्यांपुढे ताठ करतो. लहानपणी शेजारच्या पोराचा मार खाऊन यायचा आणि धाकट्या बहिणीची वेणी ओढायचा. मला वाटलं होतं, मिशा फुटल्या की जाईल. मिशा फुटल्या, पांढऱ्याही झाल्या, खोड जिथल्या तिथे. नाहीतर कुठला बाप पोटच्या पोरीची बदनामी स्वतःच्या हातानं करवतीखाली धरून मापात कापेल?

आमचं फ्रेमांचं दुकान आहे. लाकडाच्या पट्ट्या, काच, मागचा पुठ्ठा, खिळे आणि डिंकाचा वास. नवराबायकोचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, बक्षिसांचे कागद, जे काही लोकांना भिंतीवर टांगावंसं वाटतं ते आधी आमच्या टेबलावर येतं. मालक, म्हणजे माझे यजमान, गेल्यापासून दुकान माझ्या नावावर आणि काउंटर थोरल्याच्या ताब्यात. मी रोज सकाळी जाते, खुर्चीत बसते आणि तयार फ्रेमांच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवते. सांधा फुगला असेल तर डोळा फसतो, बोट फसत नाही.

त्या दिवशी गेले तर थोरला काळी पट्टी कापत होता. अरुंद, बिननक्षीची. ती पट्टी आमच्याकडे एकच गिऱ्हाईक घेतं, क्लासचे सर.

"कुणाची रे?"

"सरांची ऑर्डर आहे."

"ऑर्डर सरांची, ते दिसतंय मला. फ्रेम कुणाची?"

त्यानं पट्टीवरचा भुसा फुंकला. मग म्हणाला, "आई, चहा सांगू का तुला?"

मी कधी मागितल्याशिवाय यानं मला चहा विचारलेला नाही. तिथंच मी काय ते ओळखलं. टेबलाच्या कडेला नावाची छापील चिठ्ठी उपडी पडली होती. मी ती उलटली नाही. उलटायची गरजच नव्हती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सरांच्या क्लासची खालची खोली मोठी आहे. समोरच्या भिंतीवर सोनेरी फ्रेमांत पास झालेल्या पोरांचे फोटो. त्याच खोलीतून वर वर्गांकडे जिना जातो, आणि जिन्याच्या भिंतीवर काळ्या फ्रेमा. त्यांत फोटो नाही. काच आहे, मागे पांढरा कागद आहे, आणि खाली नाव. जो नापास होतो त्याची फ्रेम रिकामी. पुढच्या वेळी पास झाला तर फोटो काढून सोनेरीत जातो. नाही झाला, तर नाव तिथंच. रोज वर्गात जाताना प्रत्येकानं स्वतःच्या नावाशेजारून जायचं.

आणि ही फ्रेम दुसरं कोणी लावत नाही. वर्षातून एकदा सगळ्या आईबापांना बोलावून पास झालेल्यांचा सत्कार होतो, टाळ्या होतात, आणि मग नापास झालेल्यानं पुढे येऊन सगळ्यांदेखत स्वतःच्या हातानं खिळा ठोकायचा आणि स्वतःची रिकामी फ्रेम टांगायची. त्याखेरीज त्याला पुन्हा वर्गात जागा नाही.

तुम्ही म्हणाल, लोक कसे ऐकून घेतात? ऐकून घेत नाहीत हो, वाखाणतात. "आमच्या पोराला त्या काळ्या चौकटीनंच सरळ केलं," असं सांगणारे बाप मी आमच्याच काउंटरवर पाहिलेत. डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकेतले आहेत. शिकलेल्या माणसाला क्रूरपणा करायचा असला की तो त्याला शिस्त म्हणतो. एवढं एक नाव बदललं की पुढं हात मोकळे.

आमची नात, तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. जागेवर बसणं माहीत नाही म्हणून. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं आहे. गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याच्या पायाला आमच्याच फ्रेमच्या पट्टीचे तुकडे बांधून तिनं त्याला चालतं केलं होतं, तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. त्या शिक्षणाच्या प्रवेशाची परीक्षा ती यंदा नापास झाली. रसायनात गेली. लबाडी नाही, आजारपण नाही, सरळ सरळ गेली.

निकाल लागला आणि घराचा रंगच उतरला. सूनबाईनं पुढच्या खोलीचा पडदा ओढून घेतला तो उघडेना. फोन वाजला की भिंगरी न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची. आणि थोरला पोरीशी बोलताना तिच्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाशी बोलायला लागला.

काळी पट्टी दिसली त्याच दिवशी दुपारी जेवायला सगळे बसलो. वाढणं माझ्याकडे होतं. मी सूनबाईला वाढलं, भिंगरीला वाढलं, स्वतःला घेतलं, आणि थोरल्यापुढं धुतलेलं, पुसलेलं, लखलखीत रिकामं ताट ठेवलं.

त्यानं ताट बोटानं फिरवून पाहिलं. "हे काय, आई?"

"ताट आहे."

"ते दिसतंय. जेवायला काय?"

"लाज. माणसाला लाज वाटली की तो सुधारतो म्हणे, मग पोटही भरत असेल. बघ दोन घास खाऊन."

सूनबाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. पदराआड हसत होती. निकालानंतर त्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं असेल.

थोरल्यानं ताट पुढं सारलं. "तुला काय वाटतं, मला बरं वाटतंय? सरांनी स्पष्ट सांगितलंय. फ्रेम लावली तर जागा, नाही लावली तर नाव कमी. सगळ्यांची पोरं लावतात. आपली काय आकाशातून पडलीय? उद्या म्हणतील, फ्रेमवाल्याच्या पोरीला वेगळा न्याय."

"म्हणू देत. म्हणणाऱ्याच्या तोंडाला आपण फ्रेम नाही बसवत."

"आई, थट्टा नको. तिनं फ्रेम लावायची, नाहीतर शिक्षण बंद. मी सरांना शब्द दिलाय."

भिंगरीनं हातातला घास ताटात ठेवला. ती घड्याळाकडे बघत नव्हती, थेट बापाकडे बघत होती. म्हणाली, "मग बंद. मी नाही बसत परत." आणि उठून मागच्या खोलीत गेली.

थोरल्याला वाटलं, प्रश्न मिटला. असे लोक असतात. घर पेटलं तरी म्हणतात, थंडी गेली.

मी तिच्यामागं गेले. ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. मी तिला कुरवाळलं वगैरे नाही. मला ते जमत नाही आणि तिला ते चालत नाही. मी विचारलं, "रसायनात का गेलीस?"

"अवघड असतं, आजी."

"अवघड सगळ्यांना असतं. तू का गेलीस?"

मग हळूच म्हणाली, "मी ते शेवटी ठेवलं होतं. आवडत नाही म्हणून. आवडणारं पुन्हा पुन्हा वाचत बसले आणि ते राहूनच गेलं."

"म्हणजे चूक कुठं झाली ते तुला ठाऊक आहे."

"आहे."

"मग अर्धं काम झालं. तुझा बाप काच कापायला शिकत होता तेव्हा हिऱ्यानं रेघ मारायचा आणि काच भलतीकडेच तडकायची. मागच्या अंगणात काचांचा ढीग पडला होता. तुझे आजोबा एवढंच म्हणायचे, हात कुठं थरथरला ते बघ आणि दुसरी काच घे. त्याच्या फुटक्या काचा कुणी दारावर टांगल्या नाहीत, म्हणून तो आज कारागीर आहे. हे तो विसरला. तू विसरू नकोस."

भिंगरी नखानं चादरीचा धागा ओढत होती. म्हणाली, "आजी, मला परत नापास व्हायची भीती नाही वाटत. खरंच नाही. मला त्या भिंतीची वाटते. रोज स्वतःच्या नावाजवळून वर जायचं, आणि मागून येणारे वाचणार. शिवणवाल्या मावशींची मुलगी आठवते? तिनं लावली होती. महिनाभर आली, मग वर यायचीच बंद झाली. तिचं नाव मात्र अजून तिथं आहे."

मला तिच्याकडे बघवेना. कारण ती फ्रेमही आमच्याच टेबलावरून गेली होती. ते कोपरे माझ्या बोटाखालून गेले होते. रिकाम्या फ्रेमा पुढं फोटोनं भरतात, असं मला सांगितलं होतं. भरतात किती आणि तिथंच कुजतात किती, हे सांगितलं नव्हतं.

मी तिला म्हणाले, "भिंतीचं मी बघते. परीक्षेचं तू बघ. कबूल?"

"पण सरांशिवाय कसं होणार? सगळे तिथंच जातात."

"परीक्षा सर घेतात?"

"नाही. ती वेगळी लोकं."

"मग सर कोण? वाट दाखवणारा. वाट दाखवणारा वाटेतच खड्डा खणून बसला असेल, तर दुसऱ्याला विचारायची."

तिनं पाय पलंगाखाली सोडले. मग म्हणाली, "कबूल. पण मला तिथं जाऊन यायचंय. लपून सुटले असं नको."

पोरगी माझ्यावर गेलीय. उगाच नाही म्हणत.

सत्काराच्या दिवशी मी ठेवणीतलं लुगडं नेसले आणि पिशवीत पक्कड घातली. पोरगी येते म्हणाली, म्हणजे फ्रेम लावणार असं धरून थोरला आधीच गेला होता. त्याला सरांनी मानानं बोलावलं होतं. फ्रेमा त्याच्या, शिवाय पोरगी त्याची, म्हणजे आदर्श बाप. जाऊन बघते तर हा जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभा, एका हातात हातोडी, बगलेत काळी फ्रेम. लग्नात करवली कलश धरते तसा.

खोली गच्च भरली होती. सोनेरीवाल्यांच्या टाळ्या झाल्या. मग सर माइकवर आले. सर दिसायला गोड माणूस. आवाज मऊ, हात नेहमी जोडलेले. अशा माणसाच्या जोडलेल्या हातात काय आहे ते बघून घ्यावं. म्हणाले, "आता आपली मुलं आपल्या अपयशाचा धैर्यानं स्वीकार करणार आहेत." आणि पहिलं नाव आमच्या भिंगरीचं घेतलं.

ती उठली. मीही उठले. आम्ही दोघी जिन्यापर्यंत गेलो. थोरल्यानं हातोडी पुढं केली. तिनं ती घेतली नाही. मी पिशवीतून पक्कड काढून तिच्या हातात दिली.

सर हसले. "मावशी, खिळा ठोकायचा आहे, उपटायचा नाही."

मी म्हणाले, "सर, या जिन्यावरच्या सगळ्या काळ्या फ्रेमा आमच्या दुकानाच्या. आमच्या दुकानाचा नियम आहे, माल खराब निघाला तर परत घेतो. मी माल परत न्यायला आलेय."

"खराब? कोपरे तर उत्तम आहेत."

"कोपरे चांगले आहेत. बनवणाऱ्याची बुद्धी खराब होती."

मागं कोणीतरी हसलं. थोरला पुटपुटला, "आई, खाली बस." मी त्याच्याकडे पाहिलं नाही. सगळ्या गोष्टींचा एक क्रम असतो, त्याचा नंबर नंतर होता.

सरांचा आवाज अजून मऊच होता. "मावशी, तुमचं वय आहे, मी मान राखतो. पण लाज हेच औषध आहे. कडू असतं. या समोरच्या भिंतीवर बघा, कितीतरी मुलं काळ्या फ्रेममधून सोनेरीत गेलीत."

"बघितली. तुम्ही मला समोरची भिंत दाखवता. मी तुम्हाला ही बाजूची दाखवते. या खालच्या पायरीजवळची नावं वाचा. वाचता येत नाहीत, शाई उडालीय. ही वर्षानुवर्षं इथंच आहेत. ही पोरं कुठं आहेत?"

"त्यांनी सोडलं. चिकाटी नव्हती."

"सोडलं की सोडवलं? पडलेल्या माणसाच्या छातीवर पाय ठेवायचा आणि म्हणायचं, बघा, उठतच नाही. औषध घेऊन जे जगले ते तुम्ही भिंतीवर लावलेत सर, सोन्यानं मढवून. जे मेले त्यांचीही फ्रेम लावलीत, रिकामी. आणि दोन्हींवर क्लास चालवलात."

आता कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. शिवणवाली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिची मुलगी तर क्लासला येतही नाही. पण दरवर्षी ही बाई येऊन मागे बसते, हे मला नंतर कळलं. ती नाव कधी उतरतंय ते बघायला येते. ती एवढंच म्हणाली, "माझ्या पोरीचं नाव तिसऱ्या पायरीला आहे. ती या रस्त्यावरूनसुद्धा जात नाही. लांबच्या गल्लीनं जाते. मला वाटायचं, आमचीच पोरगी हळवी."

सर पहिल्यांदा जोडलेले हात सोडून म्हणाले, "हा कार्यक्रम आहे. इथं नियम मी ठरवतो. जी मुलगी फ्रेम लावणार नाही तिला या क्लासमध्ये जागा नाही."

भिंगरी तोवर तिसऱ्या पायरीवर चढली होती. तिथून बोलली. मोठ्यानं नाही, पण खोली इतकी शांत होती की ऐकू गेलं. "मी नापास झाले सर. रसायनात झाले. मीच अभ्यास टाळला होता. हे मी सगळ्यांसमोर सांगते, मला त्याची लाज नाही. पण माझी चूक माझी आहे. ती तुमच्या भिंतीवर राहणार नाही." आणि तिनं शिवणवालीच्या मुलीची फ्रेम काढून हळूच पायरीवर ठेवली, पक्कड लावली आणि खिळा उपटला. भिंतीत जुना होता, भुग्यासकट बाहेर आला.

सर थोरल्याकडे वळले. "तुमच्या मुलीला आवरा."

थोरला हातोडी धरून उभा. पोरीकडे बघेना, माझ्याकडे बघेना, सरांकडेही बघेना. पण तो जागचा हलला नाही. आवरायला गेला नाही आणि आडही आला नाही. नुसता फ्रेम बगलेत घट्ट धरून उभा राहिला. तेवढ्या वेळात दुसरा एक मुलगा उठला, मग एक मुलगी, मग एका मुलाचा बाप. पक्कड एकच होती, ती हातोहात फिरली. ज्याला मिळाली नाही त्यानं बोटांनी खिळा हलवून काढला. सरांनी माइकवर काही तरी म्हटलं, पण लोक जिन्याकडे बघत होते. शेवटी भिंतीवर फक्त भोकं उरली आणि फ्रेमांच्या आकाराचे चौकोन, जिथं रंग अजून नवा होता.

त्या फ्रेमा आम्ही हातगाडीवर घालून दुकानात आणल्या. काचा काढून ठेवल्या, लाकूड अडगळीत. नावांच्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. फाडा, ठेवा, तुमचं तुम्ही बघा.

आता जे आईबाप हे वाचत असतील त्यांना एक विचारते. तुमच्या घरात भिंतीवर काळी फ्रेम नसेल. पण पाहुणे आल्यावर नापास झालेल्या पोराला आतच बसायला सांगता का? शेजारच्या पोराचे गुण जेवताना वाचून दाखवता का? मग फ्रेम आहे तुमच्याकडे. फक्त खिळा दिसत नाही. आणि पोरांनो, तुम्हीही ऐका. भिंतीवरून नाव उतरलं म्हणून अभ्यास होत नाही. आमची भिंगरी दुसऱ्या दिवशी सकाळी रसायनाचं पुस्तक सगळ्यात वर ठेवून बसली आणि पहिल्या पानावरच तिला जांभई आली. तरी बसली. स्वतःच्या नावाची चिठ्ठी न्यायला शिवणवालीची मुलगी दुकानात आली, तिलाही तीच परीक्षा पुन्हा द्यायची आहे. तिला रसायन चांगलं येतं, तिचं जीवशास्त्र कच्चं. भिंगरीचं उलट. दुकानाच्या मागच्या खोलीत काचांच्या मधे दोघींनी टेबल मांडलं. पास होतील की नाही, मला ठाऊक नाही. मी ज्योतिषी नाही, फ्रेमवाली आहे. बसतील हे ठाऊक आहे.

पोरींनी टेबल मांडलं त्या दिवशी दिवे लावायच्या वेळेला थोरला माझ्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. मागच्या खोलीत पोरींचं बोलणं चालू होतं.

"सरांचा निरोप आला. यापुढं ते दुसरीकडून फ्रेमा घेणार." मग म्हणाला, "चारचौघांत माझी अब्रू गेली, आई. तू मला आधी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं होतं. रिकामं ताट वाढलं होतं, ते तुला वाचता आलं नाही."

"मी तिच्या भल्यासाठीच करत होतो."

"बस इथं," मी म्हणाले. तो बसला. आता त्याचा नंबर आला होता.

"ऐक. तुझी अब्रू मी नाही घालवली. ती तू करवतीवर ठेवली होतीस, मी फक्त भुसा झाडला. पोरगी एका परीक्षेत नापास झाली, ती परत बसतेय. तू बाप म्हणून नापास झालास, आणि तुझा पेपर ती तपासणार आहे, मी नाही. माझ्याकडे रडत येऊ नकोस, मी गुण वाढवून देत नाही. या दुकानात काळी पट्टी पुन्हा आली तर करवतीसकट तू बाहेर, हे माझ्या नावावरच्या दुकानात मी सांगतेय. आता उठ, त्या दोघींसाठी चहा टाक. आपल्या पोरीला साखर किती लागते ते तुला ठाऊक नाही, मला माहीत आहे. माझ्याकडे बघू नकोस. आत जा, तिच्या डोळ्यांत बघ, आणि तिलाच विचार."